जिवंत मॉनिटरची प्रेतयात्रा

नवीन डेस्कटॉप घ्यायला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं. "साहेब, तुमचा जुना मॉनिटर याला चालणार नाही. नवीनच घेऊन टाका." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. बहुतेक वेळा ते साफ खोटं असतं. बोलणाऱ्याला एकतर ते माहीत असतं, नाहीतर माहीत करून घ्यायची इच्छा नसते. यातलं दुसरं मला जास्त खटकतं.

सध्या हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतंय, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचा लागतो. त्यामुळे लोक डबा बदलतायत (डबा म्हणजे आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो तो). ठीक आहे, डबा बदलला ते एकवेळ समजू शकतो. पण टीपीएमशी मॉनिटरचं काय नातं? डब्याच्या तिरडीवर मॉनिटरला का बांधायचं?

मॉनिटरचा गुन्हा एकच. त्याच्या पाठीमागचं सॉकेट जुनं आहे. ते निळं, पंधरा पिनांचं, दोन स्क्रू पिळून बसवायचं व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर ते आणलं, तेव्हा टेबलावर काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर होते आणि त्यांना अ‍ॅनालॉग सिग्नल लागायचा. पुढे सपाट एलसीडी आले, पण सॉकेट तेच राहिलं. म्हणजे कॉम्प्युटरने डिजिटल चित्राचं अ‍ॅनालॉग करायचं आणि मॉनिटरने ते परत डिजिटल करून दाखवायचं. द्राविडी प्राणायामच! म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आलं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरे कंपन्यांनी व्हीजीएला टप्प्याटप्प्याने निरोप द्यायचं जाहीर केलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं भांडण आहे ते सॉकेटच्या मरणाला पडद्याचं मरण समजणाऱ्यांशी.

कारण जोडणी अवघड नाहीच मुळी. जुन्या मॉनिटरला डीव्हीआय असेल आणि नव्या डब्याला एचडीएमआय, तर साधी केबल पुरते. दोन्हीकडचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, फक्त पिनांची मांडणी वेगळी. आवाजाची सोय तेवढी वेगळी करावी लागते. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर मात्र मध्ये सिग्नल बदलणारी चिप हवी, म्हणजेच अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर. काडेपेटीएवढी वस्तू, चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळते. घेताना दिशा तेवढी बघायची. 'एचडीएमआय ते व्हीजीए' आणि 'व्हीजीए ते एचडीएमआय' या दोन वेगळ्या वस्तू आहेत, उलट्या लावून चालत नाहीत. चित्र अंधुक वाटलं तर रिझोल्यूशन मॉनिटरच्या मूळ मापावर आणायचं (१९ इंची चौकोनी मॉनिटरचं बहुधा १२८० × १०२४ असतं) आणि मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण एकदा दाबायचं. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या सॉकेटला लावायची, मदरबोर्डच्या नाही. संपलं! आता सांगा, यातलं काय दुकानदाराला दोन मिनिटांत सांगता येणार नाही?

पण सांगत नाहीत. उलट चिप नसलेली, नुसती दोन टोकांना दोन प्लग असलेली स्वस्तातली वायर गळ्यात मारतात. माझ्या एका मित्राला अशीच एक मिळाली. पडदा काळाच राहिला. परत गेला तर उत्तर काय, तर "बघा, म्हटलं होतं ना, मॉनिटरच जुना झालाय." वायर खोटी, आणि शिक्षा मॉनिटरला!

आता समोरच्याची बाजूही ऐकू. जुन्या एलसीडीला वीज जास्त लागते. खरं आहे. रंग उतरलेले असतात, पडदा पिवळट झालेला असतो. असेल. फोटोंचं काम करणाऱ्याने, गेम खेळणाऱ्याने जरूर नवीन घ्यावा. ३० इंची जुन्या मोठ्या मॉनिटरला ड्युअल-लिंक डीव्हीआय लागतं आणि त्याचं कन्व्हर्टर महाग पडतं, तिथे हिशोब करावा. काचेच्या नळीच्या मॉनिटरला कवटाळून बसा असंही मी म्हणत नाही. पण ज्याला पत्रं टाइप करायची, हिशोब ठेवायचे, पोरांचा अभ्यास घ्यायचा किंवा शेजारी दुसरा पडदा म्हणून मेल उघडी ठेवायची, त्याला त्या चौकोनी पडद्यात काय कमी आहे? मजकूर वाचायला तर ती उंची उलट बरी पडते.

"टाकला तरी रिसायकल होतोच की," असं म्हणणारेही भेटतात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारीही टाकली आहे. चांगलंच आहे. पण रिसायकलिंग ही मेलेल्या वस्तूची व्यवस्था आहे. जुन्या एलसीडीच्या पडद्यामागे बारीक नळ्या असतात, त्यांत पारा असतो. दारावरच्या भंगारवाल्याकडे दिला आणि कुणी तो हातोडीने फोडला, तर पारा नियम वाचून थांबत नाही. जो पडदा अजून उजळतोय, त्याचा सगळ्यात स्वच्छ निकाल म्हणजे तो वापरत राहणं. स्वतःला नको असेल तर कन्व्हर्टरसकट एखाद्या शाळेला, वाचनालयाला द्या. कन्व्हर्टरसकट हे महत्त्वाचं, नाहीतर तिथेही तो कोपऱ्यातच पडेल.

काटकसर म्हणजे जुनं जपून ठेवणं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं. त्याला आता थोडी माहितीची जोड लागते, इतकंच. ती माहिती नसली की काटकसरी माणूससुद्धा नाइलाजाने उधळ्या होतो, आणि बाजाराला नेमकं तेच हवं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "चालणार नाही" म्हणालं की वाद घालू नका. शांतपणे एवढंच विचारा, "बरं, पण कुठलं कन्व्हर्टर लावलं तर चालेल?" याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून मॉनिटरच काय, डबासुद्धा घेऊ नका.