क्रूझ मुंबईत, लेणी जुन्नरला, अडतं कुठे?

क्रूझ मुंबईत लागली की प्रवाशांच्या हाती साधारण एकच दिवस असतो. घारापुरी बोटीने तासाभरावर, म्हणून पसंती तिलाच. (सोमवारी मात्र तिथली लेणी बंद.) जुन्नर सुमारे १५० किलोमीटर. माळशेज घाटातून जाऊन-येऊन ७-८ तास रस्त्यातच जातात आणि उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

खरं तर समुद्रापारच्या लोकांना जुन्नर नवं नाही. सातवाहनकाळात कल्याण, सोपारा बंदरांतला माल नाणेघाटातून इथे येई. यवनांच्या दानाचे शिलालेख इथल्या लेण्यांत आजही आहेत.

२०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. तरी क्रूझचे पाहुणे हवे असतील, तर मुंबईत रात्री मुक्काम करणारी जहाजंच गाठावी लागतील. शिवाय लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या आहेतच. ज्येष्ठ प्रवाशांना त्याची कल्पना बुकिंगच्या वेळीच द्यावी लागेल.