भीती अजिनोमोटोची, धोका कोमट भाताचा

शाळांना सुट्ट्या लागल्या की सहारच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर उपनगरांतली कुटुंबे दिसू लागतात. डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, गळ्यात सहल कंपनीचे ओळखपत्र आणि हातातल्या बॅगेत थेपले, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा, सुक्या चटणीच्या पुड्या. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरीच्या मध्यमवर्गाला बँकॉक, सिंगापूर, बाली, हनोई आता फार दूरची वाटत नाहीत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्यापाठोपाठ डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांसाठी व्हिसाची अट उठवली, तेव्हापासून तर सोमवारी ठरवून शुक्रवारी निघणारेही आहेत. हौस करावी, जग पाहावे, यात वावगे काही नाही. पण या प्रवाशांच्या मनात खाण्यापिण्याविषयी जी भीती असते ती बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर असते, आणि जिथे खरोखर सावध राहायला हवे तिथे मंडळी निर्धास्त असतात.

भीतीची यादी ठरलेली असते. तिकडे काय काय खातात कोण जाणे, एकाच कढईत सगळे परततात, रस्त्यावरचे तर मुळीच नको, आणि सगळ्यात वर अजिनोमोटो. यातला कोणता पदार्थ खायचा नाही हा धर्माचा, आवडीचा, सवयीचा प्रश्न आहे आणि तो ज्याचा त्याने सोडवावा. थाई जेवणात माशाचा रस जवळपास मिठासारखा वापरतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने तिथे स्पष्ट विचारलेच पाहिजे. पण पोट बिघडते ते जंतूंमुळे आणि त्यांनी केलेल्या विषामुळे. जंतूंना पदार्थ ओळखीचा आहे की परका, याच्याशी कर्तव्य नसते. त्यांना हवी असते ऊब, ओल आणि वेळ.

आधी अजिनोमोटोचे पाहू. टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळे काढले. पुढच्याच वर्षी ते बाजारात आले आणि व्यापारी नावच पदार्थाचे नाव होऊन बसले. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये आपोआप असते. त्याची बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते. कारण काय असावे? त्याने दोन-तीन शक्यता मांडल्या होत्या, पण जगाने त्यातली एकच धरून ठेवली. पुढे ज्या चाचण्यांत कोणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही नाही, त्यांत हा दोष खात्रीने सिद्ध झाला नाही. काही थोड्या लोकांना रिकाम्या पोटी मोठ्या मात्रेने तात्पुरता त्रास होऊ शकतो, इतकेच. मात्र जो गृहस्थ ‘भय्या, अजिनोमोटो मत डालना’ असे बजावतो, तोच टेबलावरच्या बाटलीतून सोया सॉस मोकळ्या हाताने ओततो. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने हिशेब ठेवायचा तर या बाटलीचा ठेवावा.

आता भात. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते भात शिजवताना मरत नाहीत. गरम भात लगेच खाल्ला तर काही होत नाही. पण शिजवलेला भात पातेल्यात तसाच राहिला, हळूहळू निवत गेला, की बीजाणू रुजतात, जंतू वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष इतके चिवट, की नंतर तोच भात मोठ्या आचेवर कितीही परतला तरी ते नष्ट होत नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांतून फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा हा प्रकार नीट उलगडला. तिथले आचारी भात आधी उकडून बाहेरच ठेवत. फ्रिजमध्ये ठेवला तर शिते चिकटतात आणि परतायला त्रास होतो, एवढेच कारण.

हे वाचताना उपनगरातल्या स्टेशनाबाहेरची लाल रंगाची चायनीजची गाडी डोळ्यांसमोर यायला हरकत नाही. तिथेही भात दुपारी शिजतो, मोठ्या टबात किंवा चाळणीवर निवत राहतो आणि रात्री अकरापर्यंत ट्रिपल शेजवान होऊन संपतो. मंचुरियन हा पदार्थ तर मुंबईचाच. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी तो पहिल्यांदा केला असे सांगितले जाते. म्हणजे आशियाचे जेवण उपनगरवासी पासपोर्टाशिवाय गेली कित्येक वर्षे जेवत आले आहेत. आणि सकाळी शिळ्या भाताला फोडणी देणाऱ्या घरांनी गाडीवाल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मे महिन्याच्या मुंबईत रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचे जीवशास्त्र तेच असते. रात्रीचा उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये गेला असेल, तर फोडणीच्या भातासारखा नाश्ता नाही.

म्हणून ‘हॉटेल की गाडी’ हा प्रश्नच बाजूला ठेवला पाहिजे. अन्न ५ अंशांपेक्षा थंड किंवा ६० अंशांपेक्षा गरम असावे. मधल्या पट्ट्यात ते जितका वेळ राहील तितका धोका. बँकॉकच्या रस्त्यावर समोर पेटलेल्या कढईतून वाफाळत येणाऱ्या नूडल्स या कसोटीला उतरतात. पंचतारांकित हॉटेलातला सकाळी सातला मांडलेला आणि साडेदहापर्यंत कोमट होत गेलेला बुफे अनेकदा उतरत नाही. चकचकीत काचा, पांढरा कोट आणि उंच टोपी पाहून जंतू बिचकत नाहीत. कापून ठेवलेली फळे, कच्च्या कोशिंबिरी, बर्फ, उघड्या वाडग्यातली चटणी यांना तर आच लागलेलीच नसते. घाटकोपरच्या वल्लभबाग लेनमधल्या खाऊगल्लीतही सराईत माणसाने तव्यावरच्या डोशापेक्षा त्याच्या शेजारच्या चटणीकडे आधी पाहावे.

सहलीतला सर्वांत मोठा धोका मात्र प्रेमापोटी येतो. ‘परदेशातही घरचे जेवण’ हे आपल्याकडच्या सहलींचे मोठे आकर्षण असते. जैन जेवण, आमरस, पुरणपोळी, श्रीखंड सगळे मिळते. त्यासाठी कुठेतरी भल्या पहाटे स्वयंपाक होतो, डबे भरले जातात, ते बसच्या पोटात जातात आणि बेट, देऊळ, खरेदी उरकून दुपारी दोन-अडीचला उघडले जातात. बँकॉकमध्ये किंवा बालीत बाहेर तीस-बत्तीस अंश असतात. पुलाव, पनीरची भाजी, दही घातलेली कोशिंबीर, आठ तास. समोर रस्त्यावर गरमागरम काहीतरी शिजत असते, तिकडे नाक मुरडून हा डबा विश्वासाने संपवला जातो. थेपले आणि चिवडा बिचारे निर्दोष आहेत, कोरड्या पदार्थांत जंतू वाढत नाहीत. सहल ठरवताना मेन्यूत काय आहे हे सगळे विचारतात. ‘डबा किती वाजता भरणार आणि किती वाजता देणार’ हे विचारायला हवे, आणि कंपन्यांनी त्याचे उत्तर लेखी द्यायला हवे.

परदेशाला घाबरण्यात एक गंमतही आहे. जगाच्या प्रवासी वैद्यकात पोट बिघडण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या प्रदेशांत दक्षिण आशिया, म्हणजे आपणच, वरच्या रांगेत आहोत. सिंगापूरने १९६८ पासून रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत त्यांना वाहते पाणी, सांडपाण्याची सोय, तपासणी असलेल्या केंद्रांत हलवले. २०२० मध्ये युनेस्कोने ती खाद्यसंस्कृती वारसा म्हणून नोंदवली. आपल्याकडे फेरीवाल्यांचा कायदा २०१४ मध्ये आला, पण उपनगरातल्या गाडीवाल्याला हात धुवायला नळ अजून नाही. एप्रिल २०२४ मध्ये गोरेगावात शोरमा खाऊन दहाहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले. पुढच्याच महिन्यात ट्रॉम्बे भागात शोरमा खाल्ल्यानंतर एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर धाडी पडल्या, अटका झाल्या. पण नळ आला नाही.

एकाच कुटुंबातल्या सगळ्यांना धोका सारखा नसतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. चाळीत वाढलेल्या आजोबांना ‘अ’ प्रकारची कावीळ बहुधा लहानपणीच, न कळत होऊन गेलेली असते. त्यांना आयुष्यभराचे संरक्षण मिळालेले असते. टॉवरमध्ये गाळलेले पाणी पिऊन वाढलेल्या त्यांच्या पंचविशीतल्या नातीला ते नसते. आणि हा आजार लहान मुलांत सौम्य, मोठेपणी मात्र जोरदार असतो. म्हणजे स्वच्छतेमुळे झालेला फायदा लस घेऊन पूर्ण करावा लागतो. टायफॉइडची नवी संयुग्म लसही एका मात्रेत घेता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोहीम म्हणून दिली होती. ती देणारी सार्वजनिक क्षेत्रातली ही पहिलीच मोहीम. पण या लसींना काम सुरू करायला साधारण दोन आठवडे लागतात. सोमवारी ठरवून शुक्रवारी निघणाऱ्याला तो वेळ नसतो. व्हिसा गेला, त्यासोबत निघण्यापूर्वी थांबून विचार करण्याचे एक निमित्तही गेले.

आजोबांचा धोका वेगळा. त्यांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो, आणि सहलीच्या अर्जात ते लिहिलेले नसते, कारण मग नेणार नाहीत ही धास्ती. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीच्या वेळी घेतली आणि बस वाहतुकीत अडकून जेवण दोन तास लांबले, की घाम, थरथर, भ्रम. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या २०२० नंतर स्वस्त झाल्याने हजारो घरांत पोहोचल्या आहेत. औषधे चांगली आहेत, पण उलट्या-जुलाब सुरू झाले की ती तात्पुरती थांबवायची असतात. नाहीतर शरीर कोरडे पडते, आणि साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचे नसते. हे सगळे निघण्यापूर्वी डॉक्टरकडून एका कागदावर लिहून घेण्याचे काम आहे, आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फॅमिली डॉक्टरला फोन येतो तो एवढाच, ‘पोट बिघडले तर कोणती गोळी ठेवू?’

आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलच्या दोन पट्ट्या न विचारता मिळतात. पहिल्या पातळ जुलाबाला पहिली गोळी. थायलंडमधल्या कॅम्पायलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूंपैकी बहुतांश या गटाच्या औषधांना केव्हाच दाद देईनासे झाले आहेत. साधे जुलाब दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात. प्रतिजैविक लागते ते ताप, शौचातून रक्त किंवा फारच जोराचा त्रास असेल तेव्हा, आणि कोणते ते डॉक्टरने ठरवायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात सुमारे २००० प्रवाशांची तपासणी झाली. त्यातले एक तृतीयांश लोक औषधांना न जुमानणारे जंतू आतड्यात घेऊन घरी परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हे प्रमाण चारात तीन होते. प्रवासात प्रतिजैविके घेतलेल्यांत ते जास्त आढळले. म्हणजे ती पट्टी आपल्या पोटातले भले जंतू मारून दांडग्यांना जागा करून देते.

बॅगेत ठेवायचे ते ओआरएस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती, सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून पाजले. मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. तीच पुडी आज काही रुपयांना मिळते, आणि तरी प्रवासी घेतात ते दुकानातले गोड डबाबंद पेय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ‘ओआरएस’ हे नाव लावण्यास मनाई केली, ती उशिरा का होईना बरी झाली. पुडीवर ‘डब्ल्यूएचओ’चे सूत्र लिहिले आहे का ते पाहावे, आणि अख्खी पुडी सांगितल्याइतक्याच पाण्यात घालावी, घोटभर पाण्यात चिमूटभर नव्हे.

यात सरकारी यंत्रणेनेही हात लावायला हवा. आफ्रिकेला जाणाऱ्याला पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, म्हणून तो लस केंद्रात जातो आणि ओघाने दोन सल्ले ऐकतो. आशियाला जाणाऱ्याला असा दाखला लागत नाही, म्हणून तो कुठेच जात नाही. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी अशा पालिका रुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार प्रवाशांसाठी ठेवता येईल. त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना यंत्र. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि लशींचा फ्रिज. सहल कंपन्यांनी पासपोर्टच्या प्रतीबरोबर अशा भेटीचा शिक्का मागितला, तर महिनाभर आधी पावले आपोआप वळतील. मधुमेह लिहिला म्हणून आजोबांना वगळणार नाही, एवढे आश्वासन मात्र त्या अर्जावरच छापलेले असावे.

परतल्यावरची एक गोष्ट बहुतेक राहून जाते. डेंग्यू दहाएक दिवसांत डोके वर काढतो, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, ‘अ’ कावीळ तर दीड महिन्यानंतरही दिसते. तोवर फोटो दाखवून झालेले असतात आणि सहल विसरलेली असते. ताप आला की नाक्यावरच्या डॉक्टरकडे ‘पावसात भिजलो’ असे सांगितले जाते. त्याआधीचे वाक्य असायला हवे, ‘महिन्यापूर्वी बालीला जाऊन आलो.’