पुरलेल्या बाळांचा हिशेब

आपल्या मृतांची गणना समाज कशी ठेवतो, हा त्याच्या सुसंस्कृतपणाचा एक कस आहे. या कसास आपण उतरत नाही, हे प्रारंभीच सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

ग्वाल्हेरनजीक मुरार येथे १८५८ नंतर इंग्रजी पलटणींचा तळ होता. १८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ला शिंदे सरकारास परत मिळाला, त्याच वेळी मुरारही परत आले. त्या छावणीत एखाद्या गोऱ्या शिपायाचे चार महिन्यांचे मूल दगावले, तर पाद्री त्याचे नाव, वय, मृत्यूची व दफनाची तारीख, कित्येकदा कारणही वहीत लिहून ठेवी. या वह्यांच्या नकला कलकत्त्यास व तेथून विलायतेस जात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, त्या आजही पाहावयास मिळतात. त्याच वर्षी, त्याच तापाने, दोन कोसांच्या आत लष्करातील महाराष्ट्रीय वाड्यांत किती पाळणे रिकामे झाले? या प्रश्नास उत्तर देणारा एकही कागद आमच्यापाशी नाही.

‘आपल्यात दहनाची चाल, मग दफनाची वही येणार कोठून?’ असे कोणी म्हणेल. हा आक्षेप टिकणारा नाही. दोन वर्षांच्या आतील मूल गेल्यास त्यास गावाबाहेर भूमीत ठेवावे, अग्नी व उदक देऊ नये, असे मनुस्मृतीच सांगते. म्हणजे बाळे आपणही पुरतच होतो. फक्त लिहीत नव्हतो. बाराव्या दिवसाआधी गेलेल्यास तर नावही लाभले नाही. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत कर्त्या पुरुषांची नावे सापडतात. कुलवृत्तांतात कोठे असलाच तर ‘बालपणी वारला’ इतकाच उल्लेख. आणि ‘वारली’ असा तर त्याहूनही विरळा. जिवबादादा बक्षींसारख्या सारस्वत मुत्सद्द्यांपासून शिंदेशाहीत नांदलेल्या आपल्या घराण्यांच्या वंशावळी आपण अभिमानाने छापतो. परंतु त्या वंशावळी वाचलेल्यांच्या आहेत, जन्मलेल्यांच्या नव्हेत. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले, हे आपणांस ठाऊक आहे. कारण ती माता पुढे डॉक्टर झाली. इतर मातांच्या दहा दिवसांचे काय?

तरीही पुरावा सर्वस्वी बुडालेला नाही. धोंडू, दगडू, भिकू ही आपल्याच आजोबा-पणजोबांची नावे पाहा. आधीची मुले जगली नाहीत, म्हणून मृत्यूची दृष्ट चुकविण्यासाठी ठेवलेली ही नावे म्हणजे आपली न लिहिलेली दफनवहीच आहे. पण नावांवरून दुःख कळते. प्रमाण कळत नाही.

प्रमाण कळले तर काय साधते, हे पाश्चात्त्यांनी दाखविले आहे. जॉन ग्रॉन्ट या लंडनच्या व्यापाऱ्याने १६६२ साली मृत्युपत्रके तपासून शंभरांतील छत्तीस मुले सहा वर्षांच्या आत जातात असा अंदाज बांधला. पुढे रिग्ली व स्कोफील्ड यांनी ४०४ पॅरिशांच्या वह्यांवरून इंग्लंडच्या तीन शतकांच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ साली सिद्ध केला. रीत सरळ आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीशी दफनाची नोंद जुळवावयाची आणि मूल किती दिवसांचे होऊन गेले ते काढावयाचे. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मृत्यू दाटले, तर बाळंतपण व नाळ कापण्याची रीत यांकडे बोट जाते; पुढील महिन्यांत दाटले, तर पाणी, अन्न आणि साथ यांकडे. या कामी सावधगिरीही हवी. मुरारला जन्मलेले मूल पलटणीबरोबर दुसऱ्या छावणीत जाऊन तेथे मरे, आणि बाप्तिस्म्यापूर्वी गेलेले वहीत न येण्याचा संभव असे. शिवाय छावणीचा आकडा तो शहराचा आकडा नव्हे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. ‘ज्या इगर्जींच्या सत्तेने आमची देवळे पाडली, ज्यांच्यामुळे मंगेश व शांतादुर्गा यांना अंत्रुजात यावे लागले, त्यांच्या वह्या आम्ही का उघडाव्या?’ ही वेदना खरी आहे, आणि ती विसरा असे आम्ही म्हणणार नाही. पण सासष्टी-बार्देशातील फिर्गजांच्या वह्यांत ज्यांची नावे आहेत ते बहुतेक कोण? त्याच गावकरींतील, त्याच विहिरींचे पाणी प्यालेले आपले भाऊबंद. मूळ गावी आपली बाळे कशाने जात असतील, याचा जवळचा लेखी पुरावा तेथेच मिळण्याचा संभव आहे. रागाने तो दूर सारला, तर हानी इगर्जीची नाही, आपली आहे.

‘पूर्वी मुले धट्टीकट्टी असत, ही आजारपणे आताची,’ असे देवळाच्या सभामंडपात आजही सर्रास ऐकू येते. हिशेब नाही म्हणूनच हा भ्रम चालतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात हजारी सुमारे दोनशे अर्भके वर्षाच्या आत जात. २०२० साली देशाचा हा आकडा २८ होता. गोव्याचा ५, आणि ज्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेर आहे त्याचा ४३. आपल्या कुलदेवतांची भूमी आणि आपल्या अन्नदात्या नगरीचा प्रांत यांतील हे अंतर दैवाने पडलेले नाही. नवजात बालकांचा धनुर्वात हटविल्याची मान्यता भारतास २०१५ साली मिळाली, ती नवसाने नव्हे. लस व स्वच्छ बाळंतपण यांनी.

आमची मागणी मोठी नाही. संस्थानांनी जुन्या वह्या वाळवीच्या तोंडातून सोडवाव्या. कुलवृत्तांताच्या संपादकांनी जन्मलेले प्रत्येक मूल, मुलगी असो वा मुलगा, जगले असो वा नसो, नोंदवावे. घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे. त्यांस आठवते, पण त्यांना कोणी विचारलेले नसते. मुरारच्या पाद्र्याने परक्या भूमीत परक्या शिपायाच्या तान्ह्यासाठी जी एक ओळ लिहिली, ती आपल्या तान्ह्यांसाठी लिहिण्यास आपणांस कोणता धर्म आड येतो, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी खुशाल सांगावे.