घररक्षणाचा हक्क आणि त्याची सीमा

अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी सुरू झाली की आसपासच्या वसाहतींतील कितीतरी घरांतून कर्ता माणूस बाहेर पडलेला असतो. मागे राहतात वृद्ध आईवडील, पत्नी आणि मुले. अशा घराच्या मागल्या दाराची कडी मध्यरात्री कोणी उचकटू लागले तर त्या घराने काय करावे? यावर समाजात दोन मते ऐकू येतात. चोरास हात लावला तर उलट आपणच गजाआड जाऊ, असे भित्रे मत एक. घरात शिरलेल्याचे काहीही करावे, कायदा काही विचारीत नाही, असे उतावीळ मत दुसरे. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्हींची किंमत निरपराध माणसासच मोजावी लागते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ९६ ते १०६ या कलमांत नागरिकास आत्मरक्षणाचा हक्क दिला होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या अकरा कलमांत कायम आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्याही जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करण्याची मुभा त्यात आहे. म्हणजे हाक ऐकून धावून येणारा शेजारीही त्या छत्राखाली येतो. दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती उत्पन्न करणारी चोरी, या प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो अपराध ठरत नाही. मात्र संरक्षणास आवश्यक तेवढेच बळ वापरलेले असावे, आणि पोलिसांची मदत मिळविण्यास अवसर नसावा.

आवश्यक तेवढे म्हणजे किती, हे न्यायालयांनी उदारपणे ठरविले आहे. १९५० साली कटनी येथील दंगलीत जमाव आपल्या दुकानाच्या दारावर लाठ्या हाणीत असताना एका दुकानदाराने गोळ्या झाडल्या व एक इसम ठार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्यास निर्दोष सोडले. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्या निकालात असा निर्वाळा दिला की, अशा क्षणीचे कृत्य सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. संकटसमयी नागरिकाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, हेही त्याच न्यायालयाने २०१० साली पुन्हा स्पष्ट केले.

परंतु हा हक्क संकटाबरोबर जन्मतो आणि संकटाबरोबरच संपतो. घरफोड्या घराबाहेर पडून पळू लागला की त्याचा जीव घेण्याची मुभा उरत नाही. ऐवज परत मिळविण्यासाठी पाठलाग करता येईल, एवढेच. पकडून खांबास बांधलेल्या चोरावर पडणारा पहिला तडाखासुद्धा संरक्षण नव्हे, तो गुन्हा होय. पकडलेल्यास विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे असे आजचा कायदा सांगतो.

ही सीमा पुसली गेली म्हणजे काय होते, हे आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या दोन जिल्ह्यांनी पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीतील पाच जणांचा मुले पळविणारे समजून बळी घेण्यात आला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हाती मारले गेले. त्यांपैकी कोणीही कुणाच्या घराची कडी उचकटली नव्हती. तेथे घराचे रक्षण झाले नाही. अफवेने माणसे मारली.

म्हणून रात्रीची गस्त घालणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे आहे की काठी जवळ असू द्या, पण निवाडा हाती घेऊ नका. प्रसंग ओढवलाच तर ११२ क्रमांकावर कळवावे, जखमी चोर असला तरी त्यास रुग्णालयात पोहोचवावे, आणि घडले ते जसेच्या तसे सांगावे. आपण आत्मरक्षणार्थ वागलो हे दाखविण्याचा भार आरोपीवरच असतो. तो फिर्यादी पक्षाइतका कठोर नाही, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूस झुकले तरी पुरते. पण लपवाछपवीने तेही हातचे जाते. सद्‌हेतूने मर्यादा ओलांडली गेली तर तो खून ठरत नाही, तथापि सदोष मनुष्यवधाची शिक्षा टळत नाही.

शेवटी एक शब्द पोलिसांसाठी. नागरिकास हा हक्क आहे म्हणून शासनाची जबाबदारी कमी होत नाही. हा हक्क मुळात पोलीस वेळेवर पोहोचू शकत नाहीत त्या क्षणासाठीच आहे. तो क्षण शक्य तितका लहान करणे हे त्यांचे काम. त्याचबरोबर प्रत्येक वसाहतीत सभा घेऊन ही अकरा कलमे सोप्या मराठीत समजावून दिली जावीत. शाळेत नागरिकशास्त्र शिकलेल्या समाजास आपला हक्क कोठे सुरू होतो हे ठाऊक असते. तो कोठे संपतो हे त्यास संकट येण्यापूर्वीच कळले पाहिजे.