रेकॉर्ड कापली कोणी?

नव्या एलपीच्या वेष्टनावर छायाचित्रकाराचं नाव असतं, आभारात कुणाचे काकाही असतात. खाच कापणाऱ्याचं नाव मात्र बहुधा नसतं. मला हे खटकतं.

रेकॉर्ड म्हणजे निव्वळ छपाई नव्हे. ॲल्युमिनियमच्या तबकडीवरच्या लॅकरच्या थरात तापवलेली सुई खाच कोरते. खर्ज वाढला की खाच ऐसपैस होते, मग बाजूवर मिनिटं कमी बसतात. म्हणून कापताना खर्ज दाबतात, तार स्वर उचलतात. ऐकताना ॲम्प्लिफायर हा हिशेब उलटा करतो. त्यात तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण आत जाताना फेरा आखूडतो आणि ‘स’, ‘श’ फाटू लागतात. शेवटच्या गाण्यात गायिका शिट्टी वाजवतेय असं वाटलं, तर दोष बहुधा तिचा नसतो! कुठे किती सोडायचं, हे कापणाऱ्याचा कान ठरवतो. सीडीसाठीची फाइल जशीच्या तशी यंत्राला भरवून हे साधत नाही.

ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत ती कापणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं दिसली की संग्राहक आजही जास्त पैसे मोजतात. आपल्या कंपन्यांनी निदान एक ओळ छापावी: कोणी कापली, आणि टेपवरून की फाइलवरून.