अक्षरे नाहीत, की दिसत नाहीत?

शाळेच्या कचेरीतील संगणकावर नव्याने लिनक्स बसवावे, गेल्या वर्षीची मराठी प्रश्नपत्रिका उघडावी आणि पडद्यावर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटींची रांग उभी राहावी, असे घडले की पहिला ठपका लिनक्सवर येतो. दुसरा ठपका येतो ते बसविणाऱ्या उत्साही शिक्षकावर. मग कोणी तरी जाणता गृहस्थ ‘सगळे पुसून पुन्हा बसवा’ असा सल्ला देतो. रोग कोणता याची चौकशी न करता रोग्याला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणारा हा सल्ला आहे. दहातील नऊ वेळा त्याची मुळीच गरज नसते.

अक्षरे बिघडलेली दिसणे हा एक रोग नव्हे. ती निदान चार रोगांची लक्षणे आहेत आणि सुदैवाने प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. चौकटी दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे. तो काढून दाखवील असा फॉन्ट मात्र यंत्रात नाही. या चौकटींना जगभरचे संगणकतज्ज्ञ थट्टेने ‘टोफू’ म्हणतात. त्या दिसू नयेत या हेतूने तयार झालेल्या फॉन्टमालिकेचे नाव त्यामुळेच ‘नोटो’ पडले. ‘नोटो’ किंवा ‘लोहित’ यांपैकी एक देवनागरी फॉन्ट बसविला की हे दुखणे बहुधा तिथेच संपते. ‘लोहित’ हे फॉन्ट ‘रेड हॅट’ने २००४ साली मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. तांबड्या टोपीवाल्यांनी ‘तांबडा’ या अर्थाचा संस्कृत शब्द नावासाठी निवडावा, हे शोभूनही दिसते.

चौकटींच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि त्यांच्यामागे चलनचिन्हांसारखी विचित्र चिन्हे पुनःपुन्हा दिसत असतील, तर फॉन्ट निर्दोष आहे. चूक वाचण्याच्या रीतीत झाली आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. ‘विद्यार्थी’ या शब्दात व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि दीर्घ वेलांटी अशी १० चिन्हे आहेत. म्हणजे ३० बाइट झाले. एखादे ॲप्लिकेशन जुन्या पाश्चात्त्य संकेताने एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर असे समजून वाचू लागले, की दहा चिन्हांच्या शब्दाची तीस चिन्हांची गिचमीड होते. अशा वेळी नवे फॉन्ट बसवीत राहणे व्यर्थ आहे. फाइल उघडताना संकेत यूटीएफ-८ आहे एवढे सांगितले की मजकूर जागेवर येतो. मात्र त्या बिघडलेल्या अवस्थेत फाइल पुन्हा जतन करू नये. कारण मग वाचण्यातली चूक लिहिण्यात उतरते.

तिसरा प्रकार जोडणीचा. अक्षरे ओळखू येतात, पण वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो, रफार खाली उतरतो. साठविताना वेलांटी व्यंजनानंतर येते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. पडद्यावर ती आधी काढावी लागते. खिळ्यांच्या काळी हे काम कंपोझिटरचे होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातील जुळाऱ्याच्या बोटांना जे ठाऊक होते, ते आज लिनक्सवर ‘हार्फबझ’ नावाच्या आज्ञावलीला ठाऊक असते. तिचे नाव अक्षर आणि उघडे अशा दोन फारसी शब्दांवरून आले आहे. प्रचलित ॲप्लिकेशने तिच्यावरच विसंबतात. जी जुनी ॲप्लिकेशने विसंबत नाहीत, त्यांच्यात कोणताही फॉन्ट घातला तरी मराठी सरळ दिसणार नाही. तेथे ॲप्लिकेशनच बदलावे लागते.

चौथा प्रकार निव्वळ साठ्याचा. फॉन्टांची यादी आणि अक्षरांची तयार चित्रे यंत्र जवळ बाळगून ठेवते. प्रणालीची आवृत्ती बदलली की ही शिदोरी कधी कधी नासते. एकाच ॲप्लिकेशनमध्ये, विशेषतः बंदिस्त पॅकेजातून आलेल्या ॲप्लिकेशनमध्ये, रोमन अक्षरांसकट सारेच विस्कटले असेल तर संशय येथे घ्यावा. साठा पुसला तरी मजकुराला धक्का लागत नाही. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तेव्हा पहिली परीक्षा सोपी आहे. बिघडलेली ओळ उचलून दुसऱ्या ॲप्लिकेशनमध्ये, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये, ठेवून पाहावी. तेथे ती नीट वाचता आली तर दोष पहिल्या ॲप्लिकेशनचा. दोन्हीकडे चौकटी दिसल्या तर फॉन्टचा. लिनक्समध्ये ‘एफसी-मॅच’ या आज्ञेने मराठीसाठी यंत्र कोणता फॉन्ट निवडते तेही विचारता येते, आणि ‘एफसी-कॅश’ने फॉन्टांची यादी नव्याने करविता येते. हे करण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

परंतु मराठी कचेऱ्यांतील मोठी अडचण या चौघांच्या बाहेर आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, त्याच वर्षी भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चढवून लिहिला गेला. प्रत्येक फॉन्टची वाटणी निराळी होती. असा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तो अर्थहीन रोमन अक्षरांचा पुंजका असतो आणि विशिष्ट फॉन्टचा मुखवटा असेपर्यंतच मराठी दिसतो. लिनक्सवर तो मुखवटा नसला की खरा चेहरा उघडा पडतो, आणि दोष मात्र आरशाला दिला जातो. हे जुने फॉन्ट लिनक्सवर आणून बसविणे म्हणजे दुखणे पुढे ढकलणे आहे. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि मग माणसाने तो वाचून पाहावा, हाच मार्ग आहे. वाचून पाहण्याचे कलम येथे टाळता येत नाही.

ते का टाळता येत नाही, याचे उत्तर मराठीच्या एका लहानशा रेघेत आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांतील फरक मराठी शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. एकाला रफार आहे, दुसऱ्याला पापणीसारखा आडवा र. हा आडवा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त योजतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एकाने दुसरे सापडेलच असे नाही. आणि एखाद्या परिवर्तकाने वा ॲप्लिकेशनने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की आचाऱ्याला द्यायचे वेतन आचार्याच्या नावे पडते. येथे चौकट दिसत नाही, गिचमीड दिसत नाही. ओळ देखणी दिसते आणि चुकीची असते. चौकटींनी निदान ओरडून सांगितले असते. मुकाट्याने झालेली ही चूक आदेशात, प्रमाणपत्रात, पाठ्यपुस्तकात तशीच छापली जाते, आणि तिच्याबद्दल कोणी लिनक्सला दोषही देत नाही.

ल आणि श यांच्या मराठी वळणाची गोष्ट त्या मानाने सौम्य आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि तिची वळणे निश्चित केली. काही देवनागरी फॉन्टांत हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदविले असेल तर मराठी वळण उमटते. कार्यालयात दस्तऐवजाची भाषा ‘हिंदी’ वा ‘इंग्रजी’ अशीच सोडून दिलेली असते आणि नंतर फॉन्टच्या नावाने बोटे मोडली जातात.

मलयाळम भाषकांनी याच प्रकारच्या तक्रारी वीसेक वर्षांपूर्वी वेगळ्या रीतीने हाताळल्या. केरळच्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आले तेव्हा तेथील जोडाक्षरेही पडद्यावर फुटत होती. ‘स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंग’ या स्वयंसेवी गटाने फॉन्ट केले, जोडणीच्या आज्ञावलीतील दोष शोधले आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे पाठविल्या. मराठीतील दोष कळविण्यासही तीच दारे उघडी आहेत. तेथे मागितले जाते ते थोडके: बिघडलेला शब्द, त्यातील चिन्हांचा नेमका क्रम, फॉन्टचे नाव व आवृत्ती, पडद्याचे छायाचित्र, आणि तो शब्द मराठीत कसा दिसावयास हवा त्याचे एक चित्र. यांपैकी शेवटची गोष्ट परदेशातील आज्ञावलीकाराला कधीच देता येणार नाही. मराठीचा कोणताही शिक्षक ती पाच मिनिटांत काढून देऊ शकतो.