पदवीचा हिशेब कुणी ठेवायचा?

आमच्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. त्यांची धाकटी मुलगी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायला कॉलेजात गेली आणि दुपारी रडवेली होऊन परत आली. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर ती सुटली होती, गुणही बरे होते. तरीही खिडकीवर तिला सांगण्यात आले, की तुझे दोन श्रेयांक कमी आहेत. संध्याकाळी वडील तिची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आले. ‘‘सर, जरा बघा हो. सगळ्यात पास झाली म्हणतात आणि कमी आहे म्हणतात. पास झालेला माणूस कमी कसा असेल?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. झाले होते ते असे. ‘ओपन इलेक्टिव्ह’ म्हणून जो विषय घ्यायचा, तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. या मुलीने प्रवेशाच्या गर्दीत वाणिज्य शाखेतलाच एक विषय त्या रकान्यात भरला. कॉलेजने तो स्वीकारला, शिकवला, परीक्षा घेतली, ती पासही झाली. चूक लक्षात आली तेव्हा वर्ष संपून गेले होते. विषय सुटला होता, पण तो त्या रकान्यात मोजता येत नव्हता.

ही एका घरातली गोष्ट आहे खरी, पण तिच्या मागे उभा असलेला बदल महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या घरात येऊन पोचला आहे. आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ता नाही.

जुन्या व्यवस्थेत पदवीचा हिशेब ठेवण्याचे काम विद्यार्थ्याचे नव्हतेच. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते मुळात परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून. शिकवायचे कॉलेजांनी, ‘टर्म’ भरल्याचा दाखला द्यायचा प्राचार्यांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. आपण सगळे ज्या ‘एटीकेटी’ला घाबरत आलो, तिचा अर्थही एवढाच, की नापास विषय शिल्लक असूनही पुढची टर्म भरायला परवानगी आहे. विद्यार्थ्याने आयुष्यात एकदाच निवड करायची, दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स की सायन्स. पुढे तिसऱ्या वर्षाला ‘स्पेशल’ विषय कोणता, एवढेच. बाकी ताट वाढून समोर येई. त्यातले काय खाल्ले आणि काय राहिले याची नोंद ऑफिसातले हेडक्लार्क ठेवत. त्यांची जाडजूड रजिस्टरे आणि त्याहून जाड चष्मा अनेकांना आठवत असेल.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दोन वर्षे शिकून कॉलेज सोडणाऱ्याच्या हातात ती काहीच ठेवत नव्हती. एस.वाय. झाले आणि लग्न ठरले, वडील आजारी पडले, गिरणी बंद झाली, अशा कारणांनी शिक्षण सुटलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. लग्नाच्या जाहिरातीत ‘एस.वाय.पर्यंत शिक्षण’ असे लिहिले जाई, तेवढाच त्या दोन वर्षांचा उपयोग. पुन्हा शिकायचे मनात आले तर पूर्वी सुटलेले विषय नव्या अभ्यासक्रमात धरतील की नाही, याची हमी नसे. म्हणून नव्या धोरणाने जे करायचे ठरवले, त्यामागचा विचार मला पटतो. शंका आहे ती अंमलबजावणीविषयी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या बँकेचे नियम काढले. महाराष्ट्र शासनाचा त्यासंबंधीचा निर्णय २० एप्रिल २०२३चा. स्वायत्त कॉलेजांत ही रचना २०२३-२४ पासून आली आणि उरलेल्या संलग्न कॉलेजांत, म्हणजे बहुसंख्य मुले शिकतात तिथे, २०२४-२५ पासून. याचा अर्थ संलग्न कॉलेजांतली पहिली तुकडी तीन वर्षे पुरी करते ती २०२६-२७ मध्ये. बेरीज बरोबर आली की नाही, हे त्या तुकडीच्या वेळी कळायचे आहे.

बेरीज कशी करायची ते थोडक्यात सांगतो. पंधरा तासांचे वर्गातले शिक्षण म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला तीस तास. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ झाले आणि थांबायचे असेल तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ झाले तर पदविका. मात्र थांबणाऱ्याने कौशल्याचे आणखी चार श्रेयांक मिळवले पाहिजेत, ही अट अनेकांच्या नजरेतून सुटते. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ श्रेयांकांची.

इथपर्यंत गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. घोटाळा पुढे आहे. हे १३२ एकाच रांजणात भरायचे नसतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, मग ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रप्रकल्प, समाजसेवा, खेळ किंवा कला असे वेगवेगळे रांजण आहेत आणि प्रत्येकाची पातळी ठरलेली आहे. एकात चार जास्त झाले म्हणून दुसऱ्यातले दोन भरून निघत नाहीत. मुलांनी आपसात या सगळ्यांची इंग्रजी आद्याक्षरे पाठ केली आहेत. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी असे ते बोलू लागले की घरातल्या मोठ्या माणसांना आपण परक्या गावच्या स्टँडवर उभे आहोत असे वाटते. पास झालेला माणूस कमी कसा, याचे उत्तर या रांजणांत आहे.

श्रेयांकांची कल्पना अमेरिकेतली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांना विषय निवडू देण्याचा धडाका लावला, आणि निवड आली तसा तिचा हिशेब ठेवण्याची गरजही आली. ज्यांची मुले तिकडे शिकली त्या मराठी घरांना ठाऊक असेल, की तिथे साधारणपणे विद्यार्थ्याला एक सल्लागार नेमून दिलेला असतो आणि अनेक ठिकाणी सत्राची नोंदणी करण्याआधी त्याला भेटावेच लागते. पदवीसाठी काय हवे, काय झाले, काय राहिले याचा तक्ता विद्यार्थ्याला पाहता येतो. आपण श्रेयांक आणले, सल्लागार तिकडेच राहिला. नाही म्हणायला आपल्याकडेही प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक ‘मेंटर’ असतो, पण त्याचे वास्तव्य बहुधा नॅकसाठी तयार केलेल्या फायलीत असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तोच मास्तर सकाळी तास घेतो, दुपारी प्रवेशाच्या टेबलावर बसतो आणि संध्याकाळी गुण संगणकात भरतो.

निवडीबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्वायत्त कॉलेजात विषयांची यादी लांबलचक असते. तालुक्याच्या गावी जिथे एकच कला शाखा आहे, तिथे ‘दुसऱ्या विद्याशाखेतला विषय घ्या’ म्हणजे कुणाकडून शिकायचा? कितीतरी कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरची मंडळी गाडा ओढत आहेत. अशा ठिकाणी ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो, त्याचा विषय मुलांच्या ‘आवडीचा’ ठरतो. नोकरी टिकवण्यासाठी तास हवेत आणि तासांसाठी मुले हवीत, हे त्या शिक्षकाचे दुखणे खोटे नाही. फक्त त्याला विद्यार्थ्याची निवड म्हणू नये. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरून घरबसल्या विषय करण्याची सोय २०१७ पासून आहे आणि एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय त्यातून घ्यायला आयोगाच्या २०२१च्या नियमांनी मुभा दिली आहे. पण तो विषय चालेल, असे आपल्या संस्थेने आधी मान्य करावे लागते. परस्पर केलेला कोर्स दाराबाहेर उभा राहतो.

आता बँक. तिचे नाव बँक असले तरी एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्या खात्यात आपण स्वतः काही भरू शकत नाही. विद्यार्थ्याने डिजिलॉकरमधून खाते उघडायचे, बारा आकडी क्रमांक मिळवायचा, तो कॉलेजला द्यायचा. श्रेयांक जमा करायचे ते संस्थेने. जमा झाले की नाही हे पाहणे एवढेच आपल्या हाती. श्रेयांक तिथे जास्तीत जास्त सात वर्षे वापरण्याजोगे राहतात. आणि नावाचा घोळ तर खास आपला मराठी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते अक्षर. मुलीचे लग्न झाले की तिसरेच नाव. त्यात आधारला जोडलेला मोबाइल नंबर वडिलांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. बँकेत पैसे भरले तर आपण पावती जपून ठेवतो, महिन्याला पासबुक भरून आणतो. या बँकेचे पासबुक उघडून पाहिलेली मुले किती, असे मी ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारले. एकाने पाहिले होते, तेही पासवर्ड विसरण्यापूर्वी.

यंत्रावर सरसकट अविश्वास दाखवण्याचे माझे वय असले तरी तसा हेतू नाही. पण २०१७ सालचा मुंबई विद्यापीठाचा उन्हाळा विसरता येत नाही. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचे ठरले, पुरेशी रंगीत तालीम न करता. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशांसाठी मुले ताटकळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. तेव्हा निदान निकाल लागला नाही हे सगळ्यांना दिसत होते, वर्तमानपत्रे रोज लिहीत होती. श्रेयांकांच्या खात्यात एखादी नोंद राहून गेली तर तिचा आवाज होत नाही. पहिल्या सत्रातली चूक सहाव्या सत्रात पदवीचा अर्ज भरताना वर येते, आणि तोवर तो विषय शिकवणारे सर दुसऱ्या कॉलेजात गेलेले असतात.

तिसऱ्या वर्षी हा हिशेब आणखी एका निर्णयाच्या आड येतो. तीन वर्षांवर थांबायचे की चौथे करायचे? संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चौथे वर्ष केलेल्याला पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येते, तीन वर्षांवाल्याला दोन लागतात. म्हणजे वर्षे तेवढीच, पण आधी खर्च कुठे करायचा आणि कुठल्या गावात राहायचे, हा घरखर्चाचा प्रश्न आहे. ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ एवढीच अट असलेल्या नोकरीसाठी तीन वर्षांची पदवी पुरते. एका वर्षाचे प्रमाणपत्र मागणारी जाहिरात मात्र अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही, तेव्हा त्या भरवशावर कुणी मुलीचे कॉलेज लवकर सोडवू नये.

कॉलेजांनी करण्याजोगी गोष्ट फार मोठी नाही. दर सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाला मराठीत एक पानी तक्ता द्यावा: कोणत्या रांजणात किती हवेत, किती झाले, किती राहिले. खाली कॉलेजची सही आणि शिक्का. तो पुढच्या नोंदणीच्या आधी द्यावा, म्हणजे चूक झालीच तर दुरुस्तीला सत्र हाती राहील. ही माहिती संगणकात असतेच, ती छापायची तेवढी. आणि जो विषय कॉलेजने स्वतः नोंदवून घेतला, शिकवला आणि तपासला, तो पुढे नियमात बसत नाही असे निघाले तर त्याचा भुर्दंड मुलावर पडू नये, एवढे विद्यापीठांनी लिहून द्यायला हरकत नसावी. चुकीचे तिकीट कंडक्टरने फाडले तर उतारूला गाडीतून उतरवत नाहीत.

हे शेवटचे वाक्य माझे नाही, शेजाऱ्यांचे आहे. मी त्यांना रांजण समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी मध्येच हात वर केला. ‘‘कळलं. हे वेबिलासारखं आहे. पाच रुपयांची तिकिटं जास्त खपली म्हणून दहाची कमी चालत नाहीत. प्रत्येक गड्डीचा नंबर वेगळा जुळवावा लागतो, त्याशिवाय डेपोतून घरी सोडत नाहीत.’’ तीस वर्षे रोज रात्री त्यांनी तेच केले होते. मला दोन दिवस लागले ते त्यांना दोन मिनिटांत उमगले.

मुलीला ते दोन श्रेयांक तिसऱ्या सत्राबरोबर जादा विषय घेऊन भरावे लागले. मराठी विभागातला एक विषय तिने घेतला, आणि तो तिला आवडला असे तिची आई सांगत होती. वडिलांनी शंभर पानी वही आणून तिच्यात पट्टीने रकाने आखले आहेत. आडव्या ओळीत रांजणांची नावे, उभ्यात सहा सत्रे. प्रत्येक निकालानंतर बापलेक शेजारी बसतात, ती मोबाइलवर खाते उघडते आणि आकडा वाचते, ते वहीत लिहितात. चौथ्या सत्रापुढे त्यांनी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. कॉलेजने निकाल लावला आहे, पण खात्यात तो अजून उमटलेला नाही. सोमवारी ते दोघे खिडकीवर जाणार आहेत, वही घेऊन.